पुढारी नको म्हणणाऱ्या पोराला

माहूर

चि. बाळू यास,


तू विचारलं होतंस एवढंच, की निजामाविरुद्धच्या लढ्यात सरहद्दीवरच्या छावण्या कशा चालायच्या ते चार ओळींत लिहून पाठव, पोरांना वाचून दाखवायचं आहे. चार ओळींत मावलं असतं तर आत्याने फोनवरच सांगितलं असतं. पण त्याच मेसेजखाली तू तो फोटो पाठवलास आणि वर लिहिलंस, ‘आमच्यात पुढारीच नाही, त्यामुळे पोलिसांना धरायला कुणी सापडत नाही.’ ते वाचल्यापासून आत्याचं चित्त थाऱ्यावर नाही. फोटोत तोंडाला रुमाल, मागे टायरचा धूर आणि पाठीवर तीच निळी बॅग, जिची चेन तुटली म्हणून तुझ्या आईने पिवळ्या दोऱ्याने शिवून दिली होती. रुमाल कशाला बांधलास रे? पिवळा दोरा लांबून दिसतो.

मागणी खोटी नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. वावरात पाणी उभं राहिलं, सोयाबीन जागेवर सडलं, पंचनामे झाले आणि पैसे मात्र अजून वाटेतच आहेत. शेतकऱ्याच्या पोराने अशा वेळी रस्त्यावर बसायचं नाही तर कुठे बसायचं? भाऊंना हे पटणार नाही, आत्याला पटतं. राग आहे तो त्या एका वाक्याचा.

आता छावण्या. आप्पांच्या, म्हणजे तुझ्या पणजोबांच्या, उमेदीच्या काळात आपलं माहूर नांदेड जिल्ह्यात नव्हतंच. माहूर किनवट तालुक्यात आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यात. नांदेडला आपण जोडले गेलो १९५६ मध्ये. पैनगंगेच्या अलीकडे निजामाची हद्द, पलीकडे वऱ्हाड. उन्हाळ्यात नदी गुडघाभर. धोतर वर खोचून माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे झेंडे लागले आणि अलीकडे झेंडा लावणं हाच गुन्हा होता. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ हे शब्द आप्पांच्या तोंडून तू लहानपणी ऐकले असशील. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, असा तो हुकूम. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती धड जन्माला येण्याआधीच, १९३८ मध्ये, बंदी आली आणि ती उठली १९४६ मध्ये.

आणि पुढाऱ्याचं म्हणशील तर ऐक. ७ ऑगस्ट १९४७ ला ‘भारतात सामील व्हा’ची हाक गेली आणि आठवडाभरात, १५ ऑगस्टलाच, स्वामी रामानंद तीर्थांना पकडलं. नोव्हेंबरच्या अखेरीस सोडलं, जानेवारीत पुन्हा आत घातलं, ते थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणजे लढा ऐन भरात असताना त्याचा सगळ्यांत मोठा माणूस गजाआड होता. दिगंबरराव बिंदूंची कृती समिती राज्याबाहेरून सूत्रं हलवायची, पण उमरखेडच्या छावणीने आज रात्री कुठला नाका गाठायचा हे विचारायला कुणी मद्रास-मुंबईला जात नव्हतं. उमरखेड, वाशीम, तिकडे सोलापूरच्या अंगाला चिंचोली, अशा छावण्या सरहद्दीवर होत्या. करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळायचे, लेव्हीचं धान्य द्यायचं नाही, पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे द्यायचे, दप्तरं जाळायची. शिंदीची झाडं तोडायची, कारण शिंदीवरच्या अबकारीतून निजामाची तिजोरी भरायची. समोर निजामाचे पोलीस, फौज आणि कासीम रझवीचे रझाकार. हा रझवी आपल्या लातूरचाच वकील.

तेव्हा विखुरलेली माणसं, आपापल्या जागी निर्णय, वरून हुकमाची वाट पाहणं नाही, हे तुम्ही पोरांनी मोबाइलवर शोधून काढलेलं नाही. तुझ्या पणजोबांनी ते भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन केलंय.

फरक एकच होता. त्या छावण्यांत माणूस नाव सांगून जायचा. कोण आला, कुठल्या गावचा, त्याला कोण ओळखतं, हे कळल्याशिवाय भाकरीसुद्धा मिळायची नाही, असं आप्पा सांगायचे. शत्रूपासून नाव लपवायचं ते लपवलंच, पण आपसांत नाही. गोविंदराव पानसरे गावोगाव उघड फिरून काम करत आणि १९४६ मध्ये अर्जापूरला रझाकारांनी त्यांना मारलं. अर्जापूर तुझ्या नांदेडहून दूर नाही, त्यांच्या नावाचं कॉलेज आहे तिथे. एकदा जाऊन ये. नुसतं पोस्टसाठी नको.

तुझ्या प्रश्नात उमरीचं नाव नव्हतं, पण आत्या सांगणारच. ३० जानेवारी १९४८. दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या तोच दिवस. त्या दिवशी आपल्या नांदेडच्या मंडळींनी उमरीची बँक लुटली. रक्कम वीस लाखांच्या आसपास. तेव्हाचे वीस लाख, बाळू! पैसा हातात आलेली तरुण पोरं, बहुतेकांच्या घरी खायची भ्रांत, स्वामीजी तुरुंगात, विचारणारं कुणी नाही. तरीही त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि पुढे तो सादरही झाला. आत्याला या लढ्यातलं सगळ्यांत मोठं शौर्य हे वाटतं. बंदूक चालवणारे निजामाकडेही होतेच. रात्री कंदिलाशेजारी बसून खर्चाची नोंद करणारा आपल्याकडे होता, म्हणून ती चळवळ राहिली, टोळी झाली नाही. तुमच्या ग्रुपमध्ये टायरला पैसे कुणी दिले, माहीत आहे का तुला? आत्याने विचारलं तर तू ‘कुणीतरी’ म्हणालास. त्या ‘कुणीतरी’ची फार भीती वाटते.

कारण याच मातीत दुसरी गोष्टही घडलीय आणि ती १७ सप्टेंबरच्या भाषणांत कुणी सांगत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. त्यानंतरच्या दिवसांत जे झालं त्याची पाहणी करायला केंद्राने पंडित सुंदरलालांची समिती पाठवली. समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा, त्यातले बहुसंख्य मुसलमान, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदरबरोबर आपलं नांदेड. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. रझाकारांनी छळलं होतं हे खरं, पण ज्या विणकराचा, ज्या तेल्याचा बळी गेला त्याने काय केलं होतं? उमरीच्या पैशाचा हिशेब लागला, या माणसांचा लागला नाही. कुणी केलं विचारलं तर उत्तर एकच, जमाव होता. आप्पा हा विषय निघाला की उठून ओसरीवर जाऊन बसत. तुला आठवत नसेल, तू रांगत होतास.

आणि १९७८? २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. त्याही गर्दीला एक पुढारी नव्हता. आंदोलन सरकारविरुद्ध म्हणून निघालं आणि हात पडला तो गावकुसाबाहेरच्या झोपडीवर, कारण सरकार मुंबईत होतं आणि झोपडी जवळ होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तुझ्या बाजूच्या पोरांमध्ये परवा मागून कुणी जातीवरून घोषणा दिली, हे तूच सांगितलंस. ‘आम्ही लक्ष दिलं नाही,’ असंही म्हणालास. द्यायला हवं होतं! ‘गप बस’ म्हणणारा त्या घोळक्यात एकही नव्हता, हेच तर आत्या मघापासून सांगतेय. ‘पुढे चला’ म्हणायला पुढारी नसला तरी चालतं. ‘थांबा’ म्हणणारा मात्र दर दहा पोरांत एक असावाच लागतो, आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत असावं लागतं.

तू हाँगकाँगचं उदाहरण दिलंस. मग पुरतं वाच. २०१९ मध्ये तिथे लाखो माणसं पुढाऱ्याविना रस्त्यावर उतरली, टेलिग्रामवर ठरवून पाण्यासारखी इकडून तिकडे सरकत राहिली, आणि अटक झालेल्यांचा आकडा दहा हजारांवर गेला. पोलिसांना धरायला कुणी सापडत नाही म्हणतोस, तिथे जो सापडेल तो धरला. नेपाळमध्ये ८ सप्टेंबर २०२५ ला पहिल्याच दिवशी १९ पोरं गोळीबारात गेली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला, सिंहदरबार जळाला. सरकार पडलं म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या एकोणीस घरांत काय झालं असेल, हे तुझ्या आईला विचार.

आपल्या कायद्यात तर तुझं वाक्य साफ उलटं आहे. पाच किंवा अधिक माणसं बेकायदा हेतूने जमली की ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ खाली बेकायदा जमाव होते. पुढचं कलम १९० त्याहून वाईट. जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला, तर तेव्हा जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा धनी. जुन्या पुस्तकांत हेच कलम १४९ म्हणून सापडेल. दगड मागच्या पोराने मारायचा आणि नाव एफआयआरमध्ये तुझं. पुढारी असता तर निदान वाटाघाटीला, जामिनाला, चुकलं तर ‘ही माझी जबाबदारी’ म्हणायला कुणी असतं. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनात १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला, गृहमंत्र्यांनी माफीही मागितली, पण आंदोलकांवरचे गुन्हे मागे घ्या ही मागणी त्यानंतरही करत राहावी लागली. तिथे बोलायला माणूस तरी होता. तुमच्या वतीने कोण बोलेल?

तुझ्या अभ्यासिकेतली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला की काय होतं, हे त्यांना विचार. आणि समोर हेल्मेट घालून उभा असतो तोही कुणा सोयाबीनवाल्याचाच पोरगा. त्याला बंदोबस्तावर चौदा तास उभं केलंय, त्याच्याही घरचा पंचनामा अडकलेला असेल. त्याच्याशी भांडण कशाचं? भांडण कागदाशी आहे, तर कागदच मागा.

याच आदिलाबादच्या जंगलात कोमाराम भीम बारा गावांसाठी निजामाच्या जंगल खात्याशी लढला, १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने मेला. पण त्याची मागणी स्पष्ट होती, जमीन, जंगल, पाणी. म्हणून तो गेल्यावरही ती मागे उरली. निजाम सरकारला हायमेनडॉर्फसारखा अभ्यासक गोंडांमध्ये पाठवावा लागला, जमिनीचे पट्टे द्यावे लागले. तुमची मागणी कुठल्या कागदावर आहे? किती गावं, किती हेक्टर, कोणाचा पंचनामा कुठल्या टेबलावर अडला? हे लिहून काढा. तहसीलला द्या, पोच घ्या. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. रस्त्यावर बसायचं तर त्यानंतर बसा, परवानगीचा अर्ज देऊन बसा, आणि अर्जावर पाच जणांची नावं खरी लिहा. तुझं पहिलं असलं तरी आत्याची हरकत नाही. रुमाल मात्र घरी ठेव.

आता कामाचं. पोलिसांची नोटीस आली, कलम ३५ वगैरे लिहिलेली, तर फाडून टाकू नकोस आणि घाबरून गावाकडे पळूनही येऊ नकोस. दिलेल्या तारखेला हजर हो, एकटा जाऊ नकोस. नांदेडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो, कोर्टाच्या आवारातच ऑफिस आहे. पकडलंच तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हे सोबतच्या सगळ्या पोरांना सांगून ठेव. ज्याला हे माहीत नसतं त्यालाच जास्त मार बसतो. टायर जाळणं बंद. धुराने त्या रस्त्यावरच्या म्हातारीचाच दमा वाढतो, मंत्र्याचा नाही.

तो फोटो ग्रुपवरून काढायला सांग. निघेल तेवढा निघेल. बॅग आत्या नवी घेऊन देईल, ती माहूरला पाठवून दे.

भाऊंना अजून काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी ते नांदेडला खताच्या कामाला येणार आहेत, त्याआधी तू स्वतः फोन कर. दुसऱ्याकडून कळलं तर ते तुला शिक्षण सोडायला लावून घरी बोलावतील, आणि त्या वेळी आत्याचं काही चालणार नाही.

तुझी,
आत्या