तलासरीच्या बाजारात एक फोन उघडला

मुंबई-अहमदाबाद रस्त्याने उत्तरेकडे निघालात की चारोटी नाका मागे पडतो. पुढे महालक्ष्मीचा डोंगर दिसू लागतो. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत जिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही ते विवळवेढ्याचे देऊळ जाते, मग दापचरी येते आणि मग तलासरी. त्यापुढे आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. कोकणपट्टीचा हा उत्तरेचा शेवटचा तालुका. बहुतेक प्रवासी तलासरी गाडीच्या काचेतूनच पाहतात, चहासुद्धा न घेता पुढे जातात. तुम्ही मात्र उतरा.

उतरायचे तर भाद्रपद सरताना. हळवे भात पिवळे पडू लागलेले असते, गरवे अजून हिरवे. बांधावर ताडाची झाडे, माळावर कमरेइतके गवत. या गवताचाही इकडे मोठा व्यापार चालत आला आहे. दिवाळीनंतर ते कापून गंजी रचतात. बाजाराच्या दिवशी पाड्यापाड्यांतून वारली, कोकणा, धोडी माणसे रस्त्याला लागतात. कोणाच्या डोक्यावर काकड्यांची पाटी, कोणाच्या हातात कोंबडी. मी पहिल्यांदा शेतकी खात्याच्या नोकरीवर या भागात आलो, तेव्हा घरी फोन करायला नाक्यावर रांग लावावी लागे. आज रांगेतल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

शेतकरी बंधुभगिनींनो, त्या फोनाविषयीच आज लिहायचे आहे. पीकपाण्याचे सोडून हे काय, असे म्हणाल. पण पीकपाणी आता फोनातच शिरले आहे. २०२१ सालापासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी आली, आणि पेरा स्वतःच्या फोनावरून नोंदवायची पद्धत सुरू झाली. नोंद राहिली तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी हात चोळत बसावे लागते. म्हणून फोन मेला की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो.

गेल्या भाद्रपदात असाच एक म्हातारा मला बाजारात भेटला. उधव्याकडच्या पाड्यावरचा, माझ्या जुन्या ओळखीचा. एका हातात दोरी, दोरीला गाभण शेळी. म्हटले, "आजा, गाभण जनावर बाजारात कशाला आणलेस?"

"काय करू सायेब, फोन बिघाडला. पाहणीचे दिस थोडे राहिले. दुकानवाला सांगतो, हा टाकून दे, नवा घे. निम्मे आता, निम्मे हप्त्याने."

त्याने कमरेची पिशवी सोडून फोन दाखवला. पाठ फुगून कडेने झाकण उचकटले होते. नातीने आपल्या पगारातून घेऊन दिलेला फोन. ही नात पहाटे कंपनीच्या गाडीने हद्दीपलीकडे कारखान्यात जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. उंबरगाव, सरीगाम, वापी, सिल्वासा इकडे अशा कितीतरी गाड्या रोज पोरी-पोरे भरून नेतात. तलासरीला भल्या पहाटे चौकात उभे राहा म्हणजे दिसेल.

मी त्याला म्हटले, शेळी तासभर झाडाला बांध आणि माझ्याबरोबर चल.

बाजाराच्या कडेला एका पत्र्याच्या टपरीत एक वारली पोरगा फोन दुरुस्त करतो. सायकलच्या दुकानात हवा भरता भरता शिकला म्हणे. त्याने फोन हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "बॅटरी गेली. फोन चांगला आहे." गरम हवेच्या यंत्राने झाकणाचा डिंक सैल केला, पातळ पात्याने झाकण सोडवले, आणि फुगलेली बॅटरी अलगद, कुठेही टोचणार नाही अशी, बाहेर काढली. मी विचारले, इतके जपून का? त्याने आपल्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला. ही बॅटरी भोसकली, दुमडली, तर आतल्या आत पेट घेते. सुकलेल्या गवताच्या गंजीजवळ पोराने असली बॅटरी दगडाने फोडली तर काय होईल, ते मी सांगायला नको.

ते काम चालू असताना आजाने सहज विचारले, "सायेब, ह्याचे पोटात काय असते?" आम्ही बियाण्याची पिशवी घेताना मागे छापलेले वाचायला शिकवतो. फोनाच्या पिशवीवर मात्र ते काहीच छापलेले नसते. म्हणून त्याला सांगितले तेच तुम्हालाही सांगतो.

बहुतेक फोनांच्या बॅटरीत कोबाल्ट नावाचा धातू असतो. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो. तिथे कोल्वेझी शहराच्या आसपास मोठ्या यांत्रिक खाणी आहेत, तशीच पहार-फावड्याने खणणारी हजारो गरीब माणसेही आहेत. लाकडाचा टेकूही नसलेल्या विहिरीसारख्या भोकात उतरायचे, गोणी भरून वर काढायची आणि व्यापाऱ्याच्या ठाण्यावर न्यायची. तिथे वजन व्यापाऱ्याच्या काट्यावर होते आणि मालाची प्रतही व्यापारीच ठरवतो. खणणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. युनिसेफने २०१४ साली अंदाज केला होता की काँगोच्या त्या दक्षिण भागातल्या खाणींवर सुमारे चाळीस हजार मुले राबतात. पुढे जानेवारी २०१६ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने याचा मोठा अहवाल काढला, तेव्हा नामांकित कंपन्यांना आपला कोबाल्ट कुठून येतो हे शोधावे लागले. तोवर कित्येकांनी विचारलेही नव्हते.

आजा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गवताचे काट्यासारखेच."

त्याला हे समजवावे लागले नाही, कारण आपण बोलत होतो ती जागाच तशी आहे. तलासरी तालुक्यात झरी नावाचे गाव आहे. तेव्हा हा मुलूख उंबरगाव तालुक्यात होता. २३ मे १९४५ रोजी किसान सभेच्या हाकेने तिथे हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या कामात होते. वेठ म्हणजे काय ते जुन्यांना ठाऊक आहे. जमीनदाराचे शेत आधी, तेही फुकट, मग आपले. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघेही सावकाराकडे जन्मभर बांधले जात, त्यांना लग्नगडी म्हणत. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण पडले. त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंनी हा सारा इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे. गावच्या वाचनालयात असेल तर आणून वाचा.

काँगोतला खणणारा आणि पंचेचाळीसपूर्वीचा वारली अगदी एक आहेत असे मी म्हणणार नाही. देश निराळा, काळ निराळा. पण काटा दुसऱ्याच्या हातात असणे हे दोघांनाही एकसारखे कळते.

आता कोणी म्हणेल, कुठे काँगो आणि कुठे आपण. तर जवळचे पाहू. फोनाची जुळणी आता आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर होते, आणि त्या कामावर मुख्यतः खेड्यांतून आलेल्या तरुण मुली असतात. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात नरसापूरला विस्ट्रॉन कंपनीचा असाच कारखाना होता. डिसेंबर २०२० मध्ये कामगारांनी त्याची मोडतोड केली. मोडतोड वाईटच. पण चौकशी झाली तेव्हा पगार नीट आणि वेळेवर दिले गेले नव्हते असे निघाले, आणि कंपनीनेही ते कबूल केले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कारखान्यातल्या दीडशेहून अधिक मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. त्यांच्या मैत्रिणी चेन्नई-बंगळूर रस्त्यावर येऊन बसल्या. मगच वसतिगृहे किती दाटीची आहेत, पाणी कसे आहे, याकडे लक्ष गेले. पहाटे तलासरीच्या चौकात गाडीची वाट पाहणाऱ्या पोरी पाहिल्या की मला त्या रस्त्यावर बसलेल्या मुली आठवतात. कंत्राटदार कोण, हजेरी कोणाच्या वहीत, आजारी पडले तर खाडा कोणाचा, हे प्रश्न इथेही तेच आहेत.

हे असेच चालायचे का? नाही, निराळे करून दाखवणारेही आहेत. हॉलंडमध्ये अॅमस्टरडॅमला फेअरफोन नावाची एक छोटी कंपनी २०१३ साली निघाली. तिने धातू कुठून येतो ते शोधत खाणीपर्यंत जायचे ठरवले. जुळणी करणाऱ्या चिनी कारखान्यातल्या कामगारांना पोटापुरते मिळावे म्हणून दर फोनामागे ती थोडी वेगळी रक्कम देऊ लागली. आणि २०१५ मध्ये तिने असा फोन काढला की साध्या पेचकसाने घरच्या घरी उघडून बॅटरी, पडदा, कॅमेरा बदलता यावा. आपल्या बैलगाडीचे चाक मोडले तर आपण गाडी फेकत नाही, तसेच. हा फोन अगदी निर्दोष नाही, हे ती कंपनी स्वतःच सांगते. महागही आहे आणि आपल्या बाजारात तो सर्रास मिळतही नाही. तरी त्याचा परिणाम झाला. युरोपात आता कायदाच आला आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकायला आलेल्या नव्या फोनाचे सुटे भाग, त्याची विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत.

कारखानदार आपण होऊन फार थोडे करतो, हे डहाणूच्या चिकूवाल्यांना विचारा. तिथला ५०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला, तेव्हा बागायतदारांना धुराची धास्ती पडली. १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. धुरातला गंधक धुऊन काढणारे यंत्र बसवा, असे त्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये सांगितले. ते यंत्र चालू व्हायला २००७ साल उजाडले. आठ वर्षे लोक मागे लागले होते. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मागे ही चिकाटीही आहे असे माझे मत आहे.

पण आपण टपरीतच उभे आहोत. पोराने नवी बॅटरी बसवली, तारेच्या भोकात साठलेली माती ब्रशने काढली, झाकण चिकटवले. फोन जिवंत झाला. आजाने नातीचे छायाचित्र पडद्यावर पाहिले आणि तोंडभर हसला. सारे मिळून साडेपाचशे रुपये. शेळी सुटली.

त्या साडेपाचशेत त्याने आणखीही काही वाचवले. फोन आपल्या आयुष्यात जेवढे प्रदूषण करतो, त्यातला फार मोठा भाग तो आपल्या हातात येण्यापूर्वीच, खाणीत आणि कारखान्यात, झालेला असतो. रोज चार्ज करायला लागणारी वीज त्यापुढे किरकोळ. म्हणून दोन वर्षे चालणारा फोन पाच वर्षे चालवला तर नव्या फोनासाठी होणारे तेवढे खणणे टळते. ही कामगिरी त्या टपरीतल्या पोराची. त्याच्याकडे कसलेही प्रमाणपत्र नाही.

तुम्हीही एवढे करून पाहा. फोन उन्हात बांधावर आणि फवारणीच्या पंपाजवळ ठेवू नका. झाकण वर आलेले दिसले तर लगेच चार्ज करणे बंद करा. नवा घेणे भागच पडले तर दुकानदाराला विचारा की याची बॅटरी इथे बदलून मिळेल का, आणि कंपनी किती वर्षे नवी सुधारणा पाठवणार आहे. तो उत्तर देऊ शकला नाही तरी विचारा, पक्के बिल घ्या. आणि मेलेली बॅटरी उकिरड्यात टाकू नका. ते खत उद्या तुमच्याच भातात जाणार आहे. तांब्यासाठी तारा जाळणारे पाहिले आहेत मी, शेताच्या कडेला. तो धूर पोरांच्या छातीत जातो. शिवाय जुन्या फोनात सोने असते. एक टन जुन्या फोनांत अदमासे तीनशे ग्रॅम निघते, तर खाणीतल्या एक टन दगडातून पाच-सात ग्रॅम निघाले तरी ती खाण चांगली म्हणतात. पण ते काढायचे काम नीट यंत्रांनी, जाणत्या माणसांनी करायचे. चुलीवर तेजाब ओतून नव्हे.

टपरीच्या पाटाखाली वाळूने भरलेला एक तेलाचा डबा आहे. त्यात पोराने दोन वर्षांच्या मेलेल्या बॅटऱ्या पुरून ठेवल्या आहेत, पेटू नयेत म्हणून. २०२२ च्या नियमांनुसार असल्या बॅटऱ्या आणि जुने फोन परत गोळा करण्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या कंपन्यांची आहे. मी त्यातल्या काही एका मोठ्या गावातल्या सेवा केंद्रात घेऊन गेलो. नाव सांगत नाही. काउंटरवरच्या मुलीने आमच्याच कंपनीच्या असतील तेवढ्या ठेवा म्हणून सांगितले. तीन ठेवून घेतल्या, बाकीच्या परत दिल्या. मग मी तालुक्याला एक अर्ज केला आहे, बाजाराच्या दिवशी गोळा करण्याची पेटी ठेवावी म्हणून.

त्याचे उत्तर अजून आलेले नाही. आजाची पाहणी मात्र त्याच संध्याकाळी झाली. बांधावर उभे राहून त्याने भाताचा फोटो काढला, पहिला हलला, दुसरा बरोबर आला. शेळीला पुढे दोन करडे झाली.