मडगार्डच्या आतली माती

लिंबागणेश, ता. जि. बीड
घटस्थापनेनंतर

चि. भाचीस,


पोळ्याला येऊन गेलीस, तेव्हा निघायच्या गडबडीत एक बोलायचं राहिलं. फोनवर ते नीट सांगता येणार नाही. कागदावर असलं म्हणजे गाडीच्या कप्प्यात राहील, लागेल तेव्हा काढून बघता येईल.

तुझी गाडी वरून लखलखीत होती. मी मागच्या डाव्या चाकाच्या वर मडगार्डमध्ये हात घातला आणि पत्र्याची आत वळवलेली कड चाचपली. कडेवर बोटभर जाडीचा मातीचा थर होता. वरून वाळून कडक झालेला, पण नखानं खपली काढली तर आत गार, ओली माती. त्यात खडीचा चुरा होता, मुगाच्या शेंगांची टरफलं होती आणि पत्र्याला टेकलेल्या बाजूला तांबूस डाग उमटला होता. पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते, तरी ही ओल तशीच.

याचं नवल वाटू देऊ नकोस. आपल्याकडची रब्बीची ज्वारी कशावर येते? दसऱ्याच्या आसपास पेरली की पुढं पावसाचा भरवसा नसतो, जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती पोटऱ्यात येते. जी काळी माती पिकासाठी महिनोन् महिने ओल धरते, ती मडगार्डमध्ये बसली तरी ओल धरणारच. गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात आणि ती दोन्ही त्याला तिथं मिळतात. अमेरिकेत, कॅनडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं गाड्या खालून सडतात. कोकणात खारी हवा असते. आपल्याकडं मीठ नाही, माती आहे. ती सावकाश खाते, एवढाच फरक.

तेव्हा पावसाळा संपला की दिवाळीच्या आत एकदा मडगार्ड आतून साफ झालंच पाहिजे. त्याला पाइपची धार लागत नाही. ज्या जिल्ह्यातलं मांजरा धरण आटल्यानं 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तिथं गाडीवर पाणी ओतत बसणं मला पटत नाही. दोन बादल्यांत हे काम होतं.

गाडी सावलीत लाव आणि चाकं, ब्रेक गार होऊ दे. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकू शकते. चाकांना दगड लाव. पुढच्या मडगार्डसाठी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळव, हात जायला जागा होते. मग जुनं बारदान भिजवून त्या मातीवर दाबून बसव आणि अर्धा तास ठेव. माती आपोआप लोण्यासारखी सुटते. स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नकोस. पत्र्यावरचं काळं कोटिंग एकदा ओरखडलं की गंजाला दार उघडं झालं. लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश, गाडी धुवायचा शाम्पू आणि वरून खाली असा क्रम. कपड्याची पावडर नको. हे काम गाडी धुण्याच्या आधी करायचं, कारण शिंतोडे दारावर उडतात, आणि इथला ब्रश, इथलं फडकं दारावर कधीच लावायचं नाही, त्यातली वाळू रंग खरवडते.

शेवटी कडेच्या आतून बोट फिरवून बघ. काम झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, बोटाला कळतं. ब्रेकचा होज, सेन्सरची वायर आणि पुढच्या चाकाच्या अॅक्सलवरचा रबरी बूट यांना धक्का लावू नकोस. बूट फाटलेला दिसला तर तसाच गॅरेजला जा, त्यातलं ग्रीस निघून माती आत गेली की खर्च मोठा होतो. प्लास्टिकच्या लायनरच्या मागं माती साठते, पण त्याच्या क्लिपा वाळून ठिसूळ झालेल्या असतात. वर्षातून एकदा मेकॅनिककडूनच ते उतरवून घे. उंदीरही तिथंच घर करतात.

आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की पांढरे डाग सोडतं. म्हणून कोरड्या फडक्यानं पुसून घे आणि पूर्ण वाळल्यावरच प्लास्टिकला चमक देणारं ड्रेसिंग लाव. पाण्याच्या बेसचं घे, स्पंजनं पातळ लाव. डिस्कवर आणि टायर जिथं रस्त्याला टेकतो तिथं थेंबही जाता कामा नये. तिथं गेलं तर गाडी थांबणार नाही. तांबूस डागावर मात्र ड्रेसिंग लावणं म्हणजे रोग झाकणं. तो डाग तारेच्या ब्रशनं घासून उघडा करायचा, प्रायमर, रंग आणि वर अंडरबॉडी कोट द्यायचा. तुझ्या मागच्या डाव्या बाजूला हे करावंच लागणार आहे.

आता खरं कळकळीचं. काही वॉशिंग सेंटरवर धुणं झालं की खालून डिझेल नाहीतर जळकं ऑइल फवारतात. सगळं काळंभोर चमकतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मला हा प्रकार बघवत नाही. त्या तेलानं बुश आणि रबरी भाग फुगतात, मऊ पडतात. त्यावर धूळ चिकटते आणि पहिल्या पावसात पुन्हा तोच चिखलाचा थर, आता तेलकट झालेला, पाण्यानं न सुटणारा. माती काढली तेव्हा मडगार्ड साफ झालं. काळं केलं म्हणजे साफ केलं, हे मला मान्य नाही.

आणखी एक. या दिवसांत आपल्या रस्त्यांवर लोक बाजरी, सोयाबीन मळणीला अंथरतात. त्यावरून जाणं टाळ. नाइलाजानं गेलीसच, तर थोडं पुढं थांबून, गाडी बंद करून खाली वाकून बघ. काड अॅक्सलला गुंडाळतं, तापलेल्या सायलेन्सरला चिकटतं आणि पेट घेतं. अशा गाड्या जळाल्या आहेत. पाणी नको, गार झाल्यावर हातानं ओढून काढ.

दिवाळीला इथल्या भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला येशील, तेव्हा मागची डावी बाजू आपण दोघं मिळून उघडू. तारेचा ब्रश आणि प्रायमर मी आणून ठेवतो. तोवर गाडी धुवायला कुठंही दिलीस, तरी चावी हातात देण्याआधी स्वच्छ सांग, खालून ऑइल मारायचं नाही.

तुझा मामा