पाठीचा बाक

सेलूजवळच्या आमच्या रानात कापसाची वेचणी चालली होती. मी बांधावर बसून मावशीचं चित्र काढत होतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग कलाशिक्षक पदविका. हात हुबेहूब काढण्यात तयार झालेला. नाकातली फुली, लुगड्याचे काठ, मनगटावरचं गोंदण, काही सुटलं नाही. बघणारे म्हणाले, "अगदी फोटोच!" मावशीही खूश झाली. पण त्या चित्रात दिवसभराची वेचणी नव्हती. मावशी पाहुणी आल्यासारखी दिसत होती.

पुढे एका पुस्तकात हुसेन यांचं १९५५ सालचं 'जमीन' पाहिलं. पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराने खेड्यातली माणसं मोजक्या रेषांत आणि सपाट रंगांत उभी केली होती. नाक-डोळे नीट रेखलेले नसतानाही ती माणसं ओळखीची वाटली. मी ते पान कितीतरी दिवस उघडून बसायचो.

पुढच्या वेचणीला पुन्हा बांधावर गेलो. या वेळी लांबूनच पाहत राहिलो. उन्हासाठी पदर पुढे ओढलेला, त्यामुळे चेहरा दिसतच नव्हता. दिसत होता तो पाठीचा बाक आणि पोटाशी फुगत जाणारी पांढरी ओटी.

घरी येऊन कॅनव्हासवर काळ्या मातीसारखा जाड थर दिला आणि नाइफने खरवडत त्यातून ती पाठ काढली. आधी डोळे गेले, मग फुली, मग काठ. शेवटी बोटंही पुसली, तर समोर नुसता दगड उरला. बोंडाची वाळकी टोकं टोचून चिरलेली ती बोटं मी परत काढली आणि तिथेच थांबलो. अमूर्त चित्रकार गायतोंडे यांच्या चित्रांपुढे मी आजही नतमस्तक होतो, पण चित्रातून माणूस पुरता वगळणं माझ्याच्याने होत नाही.

मावशीला चित्र दाखवलं. बराच वेळ ती बघत राहिली.

"डोळे कुठं गेले रे माझे?" मग जवळ येऊन म्हणाली, "पर कमरेवरनं वळखू येतंय. मीच हाय."

आता चित्रकलेची मुलं मला विचारतात, थेट अर्धअमूर्तच काढलं तर चालेल का? त्यांना एवढंच सांगतो: आधी रानात जा, माणसाची शंभर रेखाटनं करा. बोट कुठे वाकतं हे हाताला ठाऊक होतं, म्हणूनच मला बाकीचं सोडता आलं.