आंब्यावरची सीतेची वेणी

बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला जाताना बहुतेकांना धबधबे बघायचे असतात आणि त्यासाठी जुलै-ऑगस्टपर्यंत थांबावे लागते. पण मे संपता संपता, वळवाचे दोन-चार पाऊस होऊन गेले की, याच वाटेवर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते. त्यासाठी फक्त मान वर करायची. जांबोटी सोडली की झाडी दाट होत जाते. पुढे मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या आसपास जुन्या झाडांच्या फांद्यांवरून वीत-दीड वीत लांबीचे पांढरे-जांभळे गजरे लोंबताना दिसतात. हीच सीतेची वेणी.

ही आपल्याकडची रानटी आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. एकेका तुऱ्यात शंभरावर फुले दाटीने बसतात. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके असतात. आसामात हिला कपौ फूल म्हणतात. तिथे बिहू नाचणाऱ्या मुली ती केसांत माळतात आणि ती त्या राज्याचे राज्यफूलही आहे. आपल्याकडे मात्र फुले नसतील तेव्हा हिला ओळखणारे थोडेच.

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामांचा फोन आला. "अरे, अंगणातल्या आंब्यावर बांडगूळ माजलंय. कोयता घालतो आता."

"मामा, आधी फोटो पाठवा."

फोटोत जाड, पट्ट्यासारखी पाने होती आणि फांदीला बिलगलेली राखाडी मुळे. बांडगूळ नव्हतेच ते. हा घोळ आपल्याकडे घरोघरी होतो, आणि चांगल्या हेतूने, झाड वाचवायचे म्हणून, आमऱ्या तासून काढल्या जातात.

दोन्हींतला फरक एकदा बघितला की विसरत नाही. बांडगुळाला स्वतःच्या काटक्या आणि फांद्या असतात. ते जिथे चिकटते तिथे आंब्याची फांदी गाठीसारखी फुगते, कारण त्याचे मूळ आत घुसून झाडाचा रस ओढते. ते काढलेच पाहिजे. आमरी नुसती सालीवर बसते. तिची मुळे बाहेरूनच पसरतात आणि पावसाचे पाणी, धुके, सालीच्या खाचांत साचलेला पालापाचोळा यांवर तिचे भागते. आंब्याकडून तिला हवा असतो तो फक्त आधार. तिच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते चंदेरी दिसते. पाणी पडले की ते पाणी शोषून पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग उमटतो. मुलांना हे जरूर दाखवा.

मामांनी कोयता ठेवला. पुढच्याच वळवात त्या आंब्याची एक फांदी आमरीसकट मोडून पडली, आणि ती पुन्हा लावायचे काम माझ्याकडे आले. तुमच्या परड्यात असे घडले तर काय करायचे, ते सांगतो.

मातीची कुंडी विसरा, मातीत मुळे कुजतात. आंबा किंवा फणस अशा खरबरीत सालीचे झाड निवडा. पेरूची साल सोलून निघते, तिथे मुळे टिकत नाहीत. गाळून आलेले ऊन मिळेल अशा जागी, सुती दोरीने किंवा काथ्याने रोप घट्ट बांधा, हलते रोप मूळ धरत नाही. शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर बांधा, म्हणजे निम्मे काम पाऊस करतो. उन्हाळ्यात सकाळी पाणी शिंपडा, पण पानांच्या बेचक्यात ते साचून राहू देऊ नका. झाड नसेल तर लाकडी फळ्यांच्या टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे घालून टांगता येते.

बाकी काम धीराचे. बटण दाबताच निकाल बघायची सवय असलेल्या माझ्यासारख्या संगणकवाल्याला ते शिकायलाच हवे होते. पहिला पावसाळा मुळे धरण्यातच गेला. या मे महिन्यात एक तुरा आला. मामा रोज त्याचा फोटो पाठवत होते.

आता महत्त्वाचे. एवढी सोपी आहे म्हणून जंगलातून ओरबाडून आणू नका, आणि कुणी तशी आणून विकत असेल तर घेऊही नका. हिच्या एका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, पण त्या बियांत अन्नाचा साठाच नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते, आणि रोपाला फुलायला पुढे कैक वर्षे लागतात. म्हणून उपटलेल्या रोपाची जागा सहज भरून निघत नाही. हौसच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेले रोप घ्या.

आमरीला हवे असते जुने झाड. साल खडबडीत व्हायला, तिच्यावर शेवाळ धरायला बरीच वर्षे जावी लागतात. असे एक झाड पडले की त्यावरच्या सगळ्या आमऱ्या जातात, आणि त्याच्या बदल्यात दहा रोपे लावली तरी पुढच्या पिढीपर्यंत त्यांवर वेणी फुलत नाही. आपल्यापैकी अनेकांची गावाकडची घरे आता बंद असतात, पण परड्यातले आंबे-फणस उभे आहेत. पुढच्या खेपेला गेलात की त्यांच्या फांद्या एकदा नीट बघा, आणि झाडे साफ करणाऱ्या गड्याला काय तोडायचे नाही तेही दाखवून या.