झाला का गृहपाठ?



बारावीचा निकाल लागला की दरवर्षी माझ्या घरी एक छोटी जत्राच भरते. ज्या मुलांना मी चौथीपर्यंत शिकवलं, त्यांचे आईवडील येतात आणि विचारतात, "बाई, आता पुढं काय करायचं?" खरं तर मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली प्राथमिक शिक्षिका. बारावीनंतर डी.एड. केलं, नोकरी लागल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरमधलं मला काय कळणार? पण बाईंना सगळं कळतं असा गावाचा समज आहे आणि तो मोडवत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये अशीच एक आई आली. शिवणकाम करून घर चालवणारी. तिचा मुलगा माझ्या हाताखालून गेलेला, गणितात हुशार, इंग्रजीला बिचकणारा. तिच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. 'घरबसल्या ऑनलाइन बी.टेक., कॉलेजला जायची गरज नाही, नोकरीची हमी.' तालुक्याला एका माणसानं ऑफिस उघडलं होतं. प्रवेश पक्का करायला पंचवीस हजार रुपये आधी भरा म्हणत होता.

"बाई, डोरलं मोडायचं ठरवलंय. भरू का पैसे?"

मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांबा. डोरलं कुठं पळून जात नाही."

ते दोन दिवस मी मोबाइल घेऊन बसले. जे समजलं ते आधी सांगते, कारण अशी पत्रकं तुमच्याही गावात येत असतील.

पहिली गोष्ट म्हणजे बी.टेक.ची पदवी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं घेताच येत नाही. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर हे अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, या पद्धतीतून वगळलेले आहेत. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरी नसताना दूरस्थ पद्धतीनं इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या होत्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याविरुद्ध निकाल दिला आणि शिकून नोकरीला लागलेल्या लोकांच्या पदव्या अडचणीत आल्या.

दुसरी गोष्ट, ऑनलाइन पदवी म्हणजे सगळी फसवणूकच असंही नाही. बी.ए., बी.कॉम., बी.सी.ए., एम.बी.ए. अशा पदव्या मान्यताप्राप्त विद्यापीठातून ऑनलाइन घेतल्या, तर यूजीसीच्या नियमानुसार त्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या धरल्या जातात. फक्त त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी आणि त्या वर्षासाठी मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहायचं. तिथेच विद्यार्थ्याला आपला डेब आयडी काढावा लागतो. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम दुसऱ्या कुणाला फ्रँचायझीनं चालवायला देता येत नाही. त्यामुळे फी भरायची ती थेट विद्यापीठाकडे. मधल्या माणसाच्या खात्यावर पैसे मागितले, की चप्पल घालून घरी यायचं.

तिसऱ्या दिवशी ताई आल्या. मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे पोरगं घरीच बसणार?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र मोबाइलवर मिळालं नव्हतं.

शेवटी मुलानं तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. डोरलं गळ्यातच राहिलं. पण त्याला कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. तेव्हा मी त्याला 'स्वयम्' दाखवलं. केंद्र सरकारनं जुलै २०१७ मध्ये सुरू केलेलं हे व्यासपीठ. त्यावर आयआयटीसारख्या संस्थांतल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. त्यातला एनपीटीईएलचा उपक्रम तर त्याहून जुना, २००३ पासूनचा. तंत्रज्ञान आहे, व्यवस्थापन आहे, मानसशास्त्र, समाजशास्त्रही आहे. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच एक हजार रुपये भरून परीक्षा द्यायची, तीही केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर. दर आठवड्याच्या गृहपाठाला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन. कॉलेजनं मान्य केलं तर हे श्रेयांक पदवीतही धरले जातात. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक असे घेता येतात.

मुलानं जुलैच्या सत्रात पायथनच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवलं. मला वाटलं, आपलं काम झालं.

गणपतीत तो आरतीला भेटला. "कसं चाललंय रे?" त्यानं मान खाली घातली. "सोडलं, बाई. तिसऱ्या आठवड्यातच."

मी रागवणार होते, पण रागवायला तोंड नव्हतं. कारण माझं स्वतःचं काय? लॉकडाऊननंतर आम्हा शिक्षकांना 'दीक्षा' ॲपवर 'निष्ठा'चे कोर्स होते. तुम्हीही केले असतील. चांगला मजकूर होता त्यात, पायाभूत साक्षरतेबद्दल, गणित कसं शिकवावं याबद्दल. पण मी काय केलं? एकीकडे व्हिडिओ लावला, दुसरीकडे पोळ्या लाटल्या. व्हिडिओ संपला की 'पुढे' दाबायचं. ग्रुपवर उत्तरं आली होती, ती बघून चाचणी पार केली. माझ्या फायलीत ती सगळी प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेली आहेत. त्यातल्या निम्म्या कोर्समध्ये काय होतं हे आज कुणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही. वर्गात मुलांनी वहीत पाहून उत्तर लिहिलं की मी कान धरते. माझा कान धरायला कुणी नव्हतं.

मग आठवलं माझं बी.ए. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं, ते आमच्यासारख्या नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. पुस्तकं घरी यायची. स्वतः वाचून समजतील अशीच लिहिलेली. ती वाचून परीक्षा देता आली असती. पण रविवारी अभ्यासकेंद्रावर एक सर असायचे. वर्गात आम्ही सात-आठ जण, एक कंडक्टर, दोन अंगणवाडी सेविका, एक पोलीस. सर आत आले की पहिला प्रश्न, "झाला का गृहपाठ?" मी तान्ह्या बाळाला सासूबाईंकडे ठेवून जायचे. पदवी मिळाली ती पुस्तकांमुळे आणि थोडी त्या प्रश्नाच्या धाकामुळे.

ऑनलाइन अभ्यासक्रमात देशातले उत्तम प्राध्यापक असतात. तेच व्याख्यान पुन्हा ऐकता येतं, वेग कमी करता येतं. फक्त घरात येऊन विचारणारं माणूस तिथं नसतं. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ते कदाचित आजूबाजूला मिळतं. आमच्या मुलाला मिळत नाही. तो तिसऱ्या आठवड्यात अडतो तेव्हा त्याला वाटतं, आपल्यालाच अक्कल नाही.

मी त्याला म्हटलं, "जानेवारीत परत नाव नोंदव. दर रविवारी संध्याकाळी माझ्याकडे यायचं आणि आठवड्यात काय शिकलास ते मला मराठीत समजावून सांगायचं."

"पण बाई, तुम्हाला कुठं येतं प्रोग्रॅमिंग?"

"येत नाही म्हणूनच तर सांगायचं. मला समजलं तर तुला समजलं."

पहिल्या रविवारी तो दहा मिनिटं बोलला आणि अडकला. दुसऱ्या रविवारी वही घेऊन आला. 'लूप' म्हणजे काय ते मला काही केल्या कळेना. मग तो हसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला शिक्षा द्यायच्या ना, चुकलेला शब्द पन्नास वेळा लिही? ते कॉम्प्युटरला सांगायचं. तो दमत नाही." मी खळखळून हसले. समजलंही आणि जरा लाजही वाटली. तेव्हापासून ती शिक्षा बंद केली आहे.

इंग्रजीचं काय करायचं हा प्रश्न होताच. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांचा लिखित मजकूर मराठीतही मिळतो, पण सगळ्यांचा नाही. आम्ही एक साधा उपाय केला. प्रत्येक आठवड्यातले दहा नवे शब्द वहीत लिहायचे आणि समोर आपल्या भाषेत अर्थ. बारा आठवड्यांत वही भरली. एप्रिलमध्ये शहरात जाऊन त्यानं परीक्षा दिली. ताई त्याच्याबरोबर गेल्या आणि केंद्राबाहेर झाडाखाली बसून राहिल्या. निकाल लागला, ६१ टक्के. फार नाहीत, पण एकही गुण कुठून बघून घेतलेला नाही.

आमच्या घरातही एक उदाहरण आहे. माझे धाकटे दीर चाकणला कंपनीत आहेत. त्यांनी मान्यताप्राप्त विद्यापीठातून दोन वर्षांचं ऑनलाइन एम.बी.ए. केलं. रात्रपाळी करून आल्यावर व्याख्यानं ऐकायचे. त्यांनी कंपनीतल्याच तीन मित्रांना बरोबर घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत चौघं एकमेकांना प्रश्न विचारायचे. मालाचा साठा किती ठेवावा हे पुस्तकात वाचलं की तेच आपल्या गोदामात पाहायचे. मी विचारलं, "भाऊजी, पगार वाढला का?" ते म्हणाले, "वहिनी, पगार लगेच नाही वाढला. पण मीटिंगमध्ये साहेब काय बोलतात ते आता कळतं, आणि मीही बोलतो." मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. पदवी घेतली की लगेच पैसा, असं जाहिराती सांगतात. माणसं तसं सांगत नाहीत.

आता माझं स्वतःचं सांगते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील वारले. त्यानंतर तो बोलेनासा झाला. हजेरी घेतली की नुसता हात वर करायचा. मी गोष्टी सांगितल्या, चित्रं काढायला दिली, जवळ घेतलं. काही उपयोग होईना. डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता, पण त्यात याचं उत्तर नव्हतं. तेव्हा ठरवलं, ऑनलाइन एम.ए. मानसशास्त्र करायचं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बातमी वाचली की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र आणि आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम ऑनलाइन व दूरस्थ पद्धतीनं शिकवायला यूजीसीनं बंदी केली.

पहिल्यांदा चिडले. खेड्यातल्या नोकरदार बाईनं शिकायचं कसं? आजही वाटतं, त्याला काहीतरी पर्याय द्यायला हवा. पण त्या मुलाला मी तालुक्याच्या रुग्णालयात समुपदेशक ताईंकडे घेऊन गेले, तेव्हा थोडं समजलं. त्या पंधरा मिनिटं काही बोलल्याच नाहीत. त्याच्या शेजारी बसून मातीचा बैल करत राहिल्या. मग त्यानंच विचारलं, "याची शिंगं कुठं आहेत?" असं गप्प बसायला व्हिडिओ बघून कसं शिकणार? त्याला शेजारी बसून शिकवणारं माणूस लागतं.

म्हणून आता समाजकार्याकडे वळायचं ठरवलं आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या इग्नूच्या एम.एस.डब्ल्यू.मध्ये पुस्तकांबरोबर प्रत्यक्ष क्षेत्रकार्यही आहे. मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली लोकांमध्ये जाऊन काम करायचं आणि त्याची नोंद लिहायची. शाळा सांभाळून ते किती जमेल, माहीत नाही. पण जमवण्यासारखं आहे हे नक्की.

पालकहो, तुमच्या मुलानं ऑनलाइन कोर्सला नाव घातलं तर तुम्हाला त्यातलं काही कळत नाही म्हणून बाजूला होऊ नका. आधी मान्यता तपासा, पैसे थेट विद्यापीठाला भरा. आणि नंतर आठवड्यातून एकदा शेजारी बसून विचारा, "या आठवड्यात काय शिकलास, मला सांग." शिवणयंत्रावर बसून विचारलंत तरी चालेल. शिक्षकांनो, आपले जुने विद्यार्थी रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात. त्यांना एवढं एक विचारायला आपल्याला कुठलीही पदवी लागत नाही.

माझ्या वर्गातला तो मुलगा आता हजेरीला "हजर" म्हणतो. हळू म्हणतो, पण म्हणतो.

आणि परवाच्या रविवारी माझा पायथनवाला विद्यार्थी आला. आता त्यानं पुढचा अभ्यासक्रम घेतला आहे. बसल्या बसल्या त्यानं टेबलावरचा माझा अर्धवट भरलेला इग्नूचा अर्ज पाहिला आणि अगदी माझ्याच आवाजात विचारलं,

"काय बाई, झाला का गृहपाठ?"