कोपरीच्या गाळ्याला रंग लावण्याआधी

डोंबिवली (पूर्व)
श्रावण

चि. बाळास,


तुझं पत्र आणि गाळ्याचे फोटो मिळाले. ठाण्याच्या कोपरीत स्वतःचा गाळा आणि त्यात स्वतःचं दुचाकीचं गॅरेज! माझा दादा असता तर त्याने अख्ख्या इमारतीत पेढे वाटले असते. तू विचारलं आहेस की गणपतीच्या आधी जमिनीला एपॉक्सी आणि भिंतींना ऑइलपेंट मारून घेऊ का, रंगारी चार दिवसांत काम उरकून देतो म्हणतो. उत्तर आधीच सांगते: नको. दिवाळी होऊ दे. कारणं फोनवर सांगितली तर निम्मी विसरशील आणि ती तुला रंगाऱ्यापुढे ठेवावी लागणार आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझी अख्खी नोकरी बांधकामाच्या साइटवर गेली. एवढं सांगण्याचा हक्क मला आहे.

फोटोत ब्लॉकने बांधलेल्या मागच्या भिंतीला खालच्या दोन-अडीच फुटांत पोपडे सुटलेत आणि त्यांच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. रंगारी तिला बुरशी म्हणाला, असं तू लिहितोस. ती बुरशी नाही, लोणा आहे. बुरशी काळपट-हिरवट असते आणि तिला कुबट वास येतो. लोणा पांढरा, बोटाला खरखरीत लागणारा. त्यावर पाणी लावलं की तो विरघळून दिसेनासा होतो आणि भिंत सुकली की परत येतो. जमिनीतलं पाणी ब्लॉकच्या आणि सांध्याच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. हे स्फटिक वाढताना समोर जे काही असेल ते, म्हणजे गिलावा, पुट्टी, रंग, सगळं ढकलून पाडतात. त्यामुळे रंग कुठल्या कंपनीचा, किती महागाचा, या प्रश्नाला इथे अर्थच उरत नाही.

कोपरीत हे होणारच. पूर्वेला खाडी, मीठबंदर रस्ता थेट तिच्याकडे जातो, आणि त्या काठाने पूर्वी मिठाचा व्यवहार चालायचा. अशा जागी जमिनीखालचं पाणी वरच असतं. ठाण्यात पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उधाणाच्या दिवसांत खाडीच फुगलेली असल्यामुळे नाल्यांचं पाणी लवकर ओसरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या किती तळमजल्यांत पाणी शिरलं होतं, ते आम्ही पाहिलं आहे. त्यात भर म्हणजे रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नाहीतर काँक्रीटचा नवा थर चढतो आणि गाळा आपल्या जागीच राहतो. तुझ्याच फोटोत बघ, शटरमधून आत येताना पायरी उतरावी लागते. बांधताना ती नक्कीच चढती असणार. म्हणजे जोत्यावर ओल अडवायला थर घातलेला असला, तरी तो आज रस्त्याच्या पातळीखाली गेला आहे.

आता ऑइलपेंट का नको ते सांगते. सिमेंट हे तीव्र अल्कधर्मी. ओल असेपर्यंत ते तसंच राहतं. तेलावर आधारलेला रंग त्याच्यावर बसला की तेल आणि अल्क मिळून चक्क साबण तयार होतो. रंग चिकट होतो, मऊ पडतो आणि बोटाने सोलून निघतो. दुसरं म्हणजे ऑइलपेंट भिंतीचा श्वास बंद करतो. आत आलेल्या पाण्याला समोरून बाहेर पडता आलं नाही की ते आणखी वर चढतं. ओल लपवायला तीन फुटांपर्यंत टाइल लावून घेतलेल्या गाळ्यांमध्ये पुढच्या पावसाळ्यात चार फुटांवर डाग आलेले मी अनेकदा पाहिलेत. ओल्या भिंतीवर असा रंग म्हणजे उकळत्या पातेल्यावर घट्ट झाकण.

भिंतीचं काम असं करून घे. डागाच्या रेषेच्या वर फूटभर जाऊन रंग, पुट्टी, सुटलेला गिलावा सगळा काढून ब्लॉक उघडा कर. लोणा तारेच्या ब्रशने कोरडाच झाडायचा आणि भुकटी उचलून बाहेर टाकायची. धुवायचा नाही, धुतलास की तो विरघळून परत आत जातो. मग भिंत तशीच उघडी ठेव, महिना-दोन महिने. हा भाग कोणालाच आवडत नाही, कारण गाळा उकिरड्यासारखा दिसतो, पण सगळ्या कामाचं यश याच्यावर आहे. जमिनीपासून साधारण सहा इंचांवर ब्लॉकच्या सांध्यात 10-12 सेंटिमीटर अंतराने भोकं पाडून त्यात सिलिकॉनवर आधारलेलं ओलरोधक रसायन भरता येतं. ते सांध्यात पसरून नवा अडसर तयार करतं. याचा खर्च आहे, पण मागच्या भिंतीपुरता तो करच.

त्यानंतर खालच्या तीन फुटांना दोन भागांत येणारं, पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं वॉटरप्रूफिंग ब्रशने दोन हातांत: पहिला हात आडवा, दुसरा उभा. हे किंचित ओलसर पृष्ठभागावरच लावतात, आणि ते सिमेंटच असल्यामुळे ब्लॉकला धरून राहतं. वरच्या भागाला साधा सिमेंटचा रंग किंवा श्वास घेणारा पाणीरंग. पाणीरंगाच्या आधी अल्क सोसणारा प्रायमर. तुझी डावीकडची भिंत पांढरट, हलक्या ब्लॉकची दिसते, ज्याला आपण सगळे सिपोरेक्स म्हणतो. स्वीडनचं हे तंत्र सत्तरच्या दशकात बी. जी. शिर्के यांनी पुण्यात आणलं. हा ब्लॉक वजनाला हलका, उष्णता अडवणारा, पण पाणी फार पितो. त्याच्यावर हवेची पंपगाडी, जॅक, लोखंडी रॅक आदळू देऊ नकोस. कोपरा उडाला की तिथून ओल शिरते. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा मारून घे, म्हणजे धुतलेलं पाणी तिथे साचणार नाही.

आता जमीन. एपॉक्सी ही काही परकी गोष्ट नाही. आपल्या घरी फुटलेल्या कपाचा कान चिकटवायला अ‍ॅरल्डाइटच्या दोन नळ्या असायच्या ना, ते एपॉक्सीच. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने 1946 मध्ये ते बाजारात आणलं. एका भागात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतात. म्हणून ते नुसतं सुकत नाही, पिकतं. आणि म्हणूनच ते ज्या पृष्ठभागाला धरतं तो कोरडा, स्वच्छ आणि खरखरीत असावाच लागतो. तुझा कोबा यांपैकी काहीच दिसत नाही.

कोरडेपणा स्वतःच तपास. दीड फूट लांब-रुंद स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा घे, चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बंद कर आणि निदान 16 तास तसाच राहू दे. पूर्ण दिवस ठेवलास तर उत्तम. काढल्यावर प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा कोबा आजूबाजूपेक्षा काळपट झाला असेल, तर जमिनीतून वाफ वर येते आहे. अशा जमिनीवर एपॉक्सी चढवली की वाफ तिच्याखाली कोंडते, फुगे येतात आणि ते फुटले की सबंध थर पत्र्यासारखा उचलला जातो. एका जागी करू नकोस. शटरजवळ, मध्ये आणि मागच्या भिंतीलगत असे तीन तुकडे लाव. मागच्या भिंतीलगतचा बहुधा ओला निघेल.

खरखरीतपणाचं म्हणशील तर तुझ्या कोब्यावर नुसतं सिमेंट घोटलेलं आहे, काचेसारखं गुळगुळीत. त्याच्यावर पाण्याचे थेंब टाक. थेंब तसेच उभे राहिले, शोषले गेले नाहीत, तर रंगही शिरणार नाही. रंगारी म्हणेल अ‍ॅसिडने धुऊ. धुता येतं, पण छोट्या गाळ्यात वाफांनी डोळे-घसा जळतो, तुझ्या अवजारांना गंज चढतो, आणि ते अ‍ॅसिड पूर्ण निपटून काढलं नाही तर रंगाखाली काम चालू ठेवतं. शिवाय तेल लागलेल्या जागी ते नीट कामच करत नाही. म्हणून हिऱ्याच्या चकतीचं ग्राइंडर लाव, धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडलेलं. व्हॅक्यूमशिवाय कोरडं घासायला कुणालाही लावू नकोस. काँक्रीटच्या धुळीत बारीक सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही आणि सिलिकोसिस बरा होत नाही. काम करणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून तयार होईल, त्याला रोज हवा असतो. त्याला चांगला मास्क आणून देणं ही तुझी जबाबदारी.

आधीच्या मालकाने सांडलेल्या ऑइलचे डाग घासण्याआधी काढ. वर लाकडाचा भुसा पसरून पायाने चोळ, तो तेल ओढून घेतो. मग तेल काढणारं रसायन आणि ब्रश. काळे खोल डाग राहिले तर तेवढा कोबा टाचून काढून नव्याने भर. सगळ्या जमिनीवर हातोडीने हलकं ठोकून जा. जिथे बद्द आवाज येईल तिथे कोबा खालून सुटला आहे, तोही काढायचा. आणि नवीन भरलेल्या काँक्रीटला 28 दिवस पूर्ण दे, कुणी कितीही घाई केली तरी.

एवढं होऊन प्लास्टिकच्या चाचणीत तिन्ही जागा कोरड्या निघाल्या तर एपॉक्सी कर. पहिला हात पातळ प्रायमरचा, मग दोन हात रंगाचे. दुसऱ्या हातावर बारीक क्वार्ट्‌झची वाळू भुरभुरवून घे, नाहीतर पावसात ओल्या चपलेने गिऱ्हाईक घसरेल. डबे पूर्ण मिसळायचे, अंदाजे अर्धा-अर्धा नाही. आपल्या उकाड्यात मिसळलेला माल अर्ध्या तासात बालदीतच तापून घट्ट व्हायला लागतो, म्हणून एका वेळी एकाच जोडीचे डबे कालव. लावताना शटर सताड उघडं हवं, आणि आसपास वेल्डिंग किंवा ठिणगी अजिबात नको. गाडी आत घ्यायला किमान सात दिवस थांब.

आणि एक जरी जागा ओली निघाली, जशी ती पुष्कळदा निघते, तर वाईट वाटून घेऊ नकोस. सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं डेन्सिफायर मारून घे. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रं आतून भरतं. जमीन कडक होते, धूळ सुटायची थांबते, आणि वाफेला वाट राहते. चकचकीत दिसत नाही, ऑइलचा डागही लगेच पुसावा लागतो. पण ती सुटत नाही, सोलली जात नाही. माझा कौल कोपरीतल्या तळमजल्यासाठी याच बाजूला आहे.

तुझ्या धंद्याला धरून एक गोष्ट सांगते. चारचाकीच्या गॅरेजात तापलेली टायरं एपॉक्सी उचलतात, पण दुचाकीच्या गॅरेजात तिचा वैरी म्हणजे मेन स्टँड. गाडीचं सगळं वजन त्या दोन लोखंडी टोकांवर येतं आणि गाडी स्टँडवर ओढताना ती टोकं जमीन खरवडतात. जिथे गाड्या उभ्या करणार तिथे जाड रबरी मॅट घाल, एपॉक्सी असो वा नसो. बॅटरीचं अ‍ॅसिड सांडलं तर लगेच सोडा टाकून धू, कारण ते काँक्रीट खातं.

पावसाळ्यात का नाही, हेही रंगाऱ्याला सांग. बहुतेक एपॉक्सींच्या माहितीपत्रकात हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत आणि जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी जास्त असावं असं लिहिलेलं असतं. श्रावणात ठाण्याची हवा ही अट दिवसचे दिवस मोडते. मग वर पांढरट, चिकट थर येतो आणि पुढचा हात त्याच्यावर धरत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, जमिनीखालचं पाणीही थोडं खाली जातं.

शेवटचं. घासलेला गाळ, वापरलेलं ऑइल, धुतलेलं पाणी गटारात सोडू नकोस. गटार नाल्याला आणि नाला खाडीला मिळतो, आणि ती खाडी 2022 पासून रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली पाणथळ जागा आहे. वापरलेलं ऑइल हा कायद्याने घातक कचरा. ते डब्यात साठव आणि परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्यालाच दे.

गणपतीपर्यंत फक्त रंग, पुट्टी आणि सुटलेला गिलावा काढून घे आणि शटर दिवसभर उघडं ठेव. दिवाळीचा फराळ झाला की प्लास्टिकचे तीन तुकडे लाव आणि दुसऱ्या दिवशी मला तिन्हींचे फोटो पाठव. ते पाहून मी हो म्हणेपर्यंत रंगाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या