बोका पिसाळलाय म्हणे

"803 मधला बोका पिसाळलाय. तोंडाला फेस आहे. मुलांना खाली सोडू नका." सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पडला, तेव्हा तो पिसाळलेला बोका दवाखान्याच्या बाकावर माझ्या मांडीत होता आणि माझ्या ओढणीवर उलटी करत होता. मेसेजखाली तोवर हात जोडलेले, घाबरलेले, रडणारे असे सगळे चेहरे येऊन गेले होते. मला एकाचाही फोन आला नव्हता.

बंड्या 14 वर्षांचा आहे. मोशीत आमच्या बिल्डिंगच्या पलीकडे अजून शेतं होती तेव्हा मुलाने बांधकामावरच्या वाळूतून उचलून आणलेला. मुलगा आता बंगळुरात नोकरीला आहे, बोका आमच्याकडे राहिला. यजमान चाकणच्या कंपनीत, मी भोसरी एमआयडीसीत एका लहान युनिटचे हिशेब बघते, घरी सासूबाई. घरात सगळ्यांत लाडका कोण, हे सांगायची गरज नाही. सासूबाई त्याला कायम 'मेल्या' म्हणतात आणि बोंबलाचं डोकं त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

गुरुवार होता, म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. सकाळी गॅलरीतून धप्प आवाज आला. बघते तर बंड्या स्टुलाखाली पडलेला. उठायला गेला, डावीकडे कलंडला, पुन्हा उठला आणि गोल फिरत भिंतीवर आपटला. मान इतकी वाकडी की एक कान जवळजवळ फरशीला टेकलेला. तोंडातून लाळेची तार. आणि डोळे! धावत्या एसटीच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाची बुबुळं जशी एका बाजूला सरकतात आणि झटक्यात परत येतात, तशी त्याची बुबुळं चालली होती. तो मात्र जागच्या जागी पडून होता. मी हाक मारली तर कान हलला, पण नजर माझ्यावर ठरेना.

सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्याला घेऊन निघाले. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ युनिफॉर्ममधल्या मुलीला घेऊन शिरले. त्यांनी बंड्याकडे पाहिलं, लाळ पाहिली, मुलीला पाठीमागे ओढलं आणि पुढच्याच मजल्यावर उतरले. माझी रिक्षा भारतमाता चौकापर्यंत पोचली नसेल, तोवर ग्रुपवर निकाल लागलेला होता.

डॉक्टरबाईंनी कानात बॅटरी घालून पडदा पाहिला, रक्त घेतलं, पुढच्या पंजाला छोटा पट्टा बांधून रक्तदाब मोजला. मांजराचा रक्तदाब मोजतात हे मला तेव्हाच कळलं. म्हाताऱ्या मांजरांचा वाढतो आणि कधी कधी त्याने एका रात्रीत दृष्टी जाते म्हणे. बंड्याचा बरा निघाला. किडनीचा आकडा वयाच्या मानाने थोडा वर होता. मग त्या म्हणाल्या, "कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो बिघडलाय. म्हाताऱ्या मांजरांत हे अचानक होतं. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो, पूर्ण बरं व्हायला दोन-तीन आठवडे." आणि लाळ? "तुम्हाला बोट लागली तर काय होतं? मळमळतंय त्याला." त्यांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. जे ऐकायची भीती होती त्याच्यापुढे हे इतकं साधं वाटलं की मी तिथेच रडले.

परत आले तर गेटवर वॉचमन. "काकू, वरून सांगितलंय, मांजर लिफ्टने न्यायचं नाही." लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला होता, छापून घेतलेला: 'पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये सक्त मनाई'. कुणीतरी तेवढ्यात प्रिंट काढायला जाऊन आलं होतं. लोकांना इतर कामांत एवढी तत्परता असती तर गच्चीची गळती तरी थांबली असती.

आठ मजले जिन्याने. हे आठ मजले माझ्या डोक्यातून जात नाहीत. ज्या जनावराला वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही, त्याला हवेत उचललं की त्याच्या लेखी ते पडतच असतं. प्रत्येक वळणावर त्याची नखं माझ्या खांद्यात रुतत होती. चौथ्या मजल्यावर मी टेकले, तर समोरचं दार किलकिलं झालं आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. याच घरच्यांनी गावी जाताना आपल्या तुळशीला पाणी घालायला आमच्याकडे किल्ली ठेवलेली असते.

घरी आल्यावर मी शहाणपणा केला. लसीच्या पुस्तिकेचा फोटो टाकला: दर वर्षीची रेबीजची लस, तारीख, शिक्का. डॉक्टरांची चिठ्ठी टाकली. वर लिहिलं की बोका आठव्या मजल्यावरच्या घराबाहेर जात नाही, कुणाला चावलेला नाही. शिवाय रेबीजची लक्षणं दिसायला लागलेलं जनावर दहा दिवसही काढत नाही, तेव्हा दहा दिवस थांबा, आपोआप कळेल. मी हे पुरावा म्हणून लिहिलं, त्यांनी शिक्षा म्हणून वाचलं. सेक्रेटरींचं उत्तर आलं: "803 ने दहा दिवस सहकार्य करावे." एकाने कुठल्या तरी राज्यातल्या कुत्र्याचा व्हिडिओ टाकला. एकाने लिहिलं, लस घेतली तरी होतं. एक ताई म्हणाल्या, महापालिकेची गाडी बोलवा. दुसऱ्या दिवशी धुण्याभांड्याच्या मावशी आल्या नाहीत. बाकीच्या घरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, तिकडे जाणार असलीस तर इकडे येऊ नकोस. मावशींवर राग कसा धरणार?

सोसायटीला पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, असं अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं 2015 सालचं पत्रक आहे. तेही टाकलं. त्यावर कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर रात्री झोप येणार नाही. पाचव्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांच्या मुलीला गेल्या वर्षी खाली रस्त्यावर कुत्रा चावला होता. पहिल्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतची इंजेक्शनं त्या पोरीने रडत रडत घेतलीत. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त आपल्या देशात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कचरा डेपोच्या गावात भटकी कुत्री किती, हे मोशीकरांना सांगायला नको. त्या जागी मी असते तर मीही पोरीला मागे ओढलं असतं. लिफ्टमधून उतरले असते. फक्त मेसेज टाकण्याआधी बेल वाजवली असती. निदान आज तरी मला तसं वाटतं.

हा तिढा सुटला तो सासूबाईंमुळे, आणि तोही ज्या रीतीने सुटला ते अजून पचत नाही. कमिटीचे तिघं 'पाहणी'ला आले आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबले. सासूबाईंनी बंड्याला गोधडीसकट दारात आणून ठेवलं, पुढ्यात पाण्याची स्टीलची वाटी सरकवली. बंड्याने वाकड्या मानेने, निम्मं सांडत, लप् लप् पाणी प्यायलं. "बघा," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या शेलपिंपळगावात पिसाळलेलं जनावर पाणी बघून लांब पळतं. हा पितोय." तिघांनी माना डोलावल्या. थोड्याच वेळात ग्रुपवर: "बोका ओके आहे. काळजी नसावी."

ही परीक्षा खोटी आहे. पाण्याची भीती हे माणसाच्या रेबीजचं लक्षण. जनावरात त्यावरून काहीच ठरत नाही. पिसाळलेलं कुत्रंसुद्धा पाण्यात तोंड घालू शकतं. शिक्का, चिठ्ठी, पत्रक यांनी जे झालं नाही ते एका वाटीने आणि एका गैरसमजाने झालं. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. उद्या खरोखरच पिसाळलेलं एखादं कुत्रं पाणी प्यायलं तर हीच माणसं त्याच्याजवळ जातील, हे मला कळत होतं. बंड्या पूर्ण चालायला लागल्यावर ग्रुपवर नीट लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, विषय संपलाय ना आता?"

बुबुळं तिसऱ्या दिवशी थांबली. गाद्या जमिनीवर आणल्या, मातीच्या ट्रेची एक कड कापून बुटकी केली, रात्री दिवा चालू ठेवला, कारण तोल गेलेल्याला डोळ्यांचाच आधार असतो. कोंबडीचं बिनकांद्याचं, बिनलसणाचं पाणी सिरिंजने गालात सोडत होतो. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हर बिघडतं, म्हणून त्यात हयगय चालत नाही. आणि हे कुठे तरी लिहून ठेवा: मेडिकलवाल्याने म्हणा, शेजारच्याने म्हणा, पॅरासिटामोलचा तुकडा सुचवला तर देऊ नका. आम्हालाही सुचवला होता, 'लहान मुलाचा डोस द्या' म्हणून. मांजराला तेवढ्यानेही जीव गमवावा लागतो. कुत्र्याचं गोचिडीचं औषधही तसंच.

बंड्याची मान अजून जराशी कललेली आहे, ती तशीच राहील म्हणतात. स्टुलावर उडी मारताना आधी बराच वेळ हिशेब करतो, मग चुकतो, आणि सासूबाई "मेल्या, वय काय तुझं" म्हणून ओरडतात. लिफ्टवरचा कागद मात्र तसाच आहे. काढा म्हटलं, तर सेक्रेटरी म्हणतात सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घेऊ. मागची सभा कोरमअभावी तहकूब झाली होती. पुढच्या लसीला त्याला मी लिफ्टनेच नेणार आहे, आणि वॉचमनला तसं आत्ताच सांगून ठेवलंय.